शंभरपट घरं कुणी द्यायची?

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, जवळ आला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिला विषय मटणाचा निघतो. कुणी सगळे दिवस सोडणार, कुणी फक्त शुक्रवार पाळणार, कुणाच्या घरी नेमकं मार्चमध्ये लग्न, म्हणून त्यांचं यंदा "जमेल तसं". तरुण संघातली मुलं इन्स्टाग्राम सोडतात आणि सोडल्याची बातमी इन्स्टाग्रामवरच टाकतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले ६ रविवार उपवासात धरायचे नाहीत, कारण रविवार पुनरुत्थानाचा, म्हणून उरतात ४०. लहानपणी हा हिशेब कळला तेव्हा मला देवाचा स्वभाव एकदम आवडून गेला होता. आमच्याकडे मटण रविवारीच व्हायचं.

या सोडण्याला मी हसत नाही. नाशिकमध्ये श्रावण, चातुर्मास, रमजान, पर्युषण असं काही ना काही बारा महिने आजूबाजूला चालू असतं. त्यात आपणही काहीतरी पाळतो याचा आधार वाटतो. पण आत्मत्याग म्हणजे सोडायचं काय, आणि एकानं सोडलं की त्याचा भार कुणावर पडतो, हे दोन प्रश्न मला अलीकडे फार छळतात. त्यातला दुसरा जास्त.

बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातलं वचन आम्हाला संडे स्कूलपासून पाठ आहे: ज्याला माझ्यामागे यायचंय त्यानं आत्मत्याग करावा, आपला वधस्तंभ उचलावा आणि यावं. लूकनं त्यात 'दररोज' हा शब्द घातलाय, म्हणजे सुटका नाहीच. पाठ झालेल्या वचनाच्या आधीच्या ओळी मात्र सहसा कुणी वाचत नाही. तिथे येशू शिष्यांना सांगतोय की मला दुःख सोसावं लागेल, मला मारतील. पेत्राला हे मुळीच रुचत नाही. तो गुरूला बाजूला घेऊन चक्क दटावतो. पेत्राला राजा हवा होता, राजाच्या शेजारची जागा हवी होती, रोमनांची जिरलेली पाहायची होती. येशू त्याला सगळ्यांदेखत सैतान म्हणतो आणि मग लोकांना जवळ बोलावून हे वचन सांगतो. त्या प्रसंगात ना जेवणाचा विषय आहे, ना बाईचा. पेत्राला सोडायला सांगितलंय ते त्याचं मोठेपणाचं स्वप्न. खरं तर ज्यानं हे सांगितलं, त्याला गावात लोक खादाड आणि दारुडा म्हणत होते. तसं मत्तयानंच नोंदवलंय.

मग आत्मत्याग म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे आधी देहच का येतो? प्रेषित पौलानं कलस्सैच्या मंडळीला पत्रात बजावलं होतं की 'शिवू नको, चाखू नको, हात लावू नको' असले नियम दिसायला मोठे भक्तीचे, पण देहाच्या लालसेपुढे त्यांचा काही उपयोग होत नाही. तरी मंडळी त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा गेली. काही जण तर इतके पुढे गेले की ३२५ मध्ये निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेला पहिलाच नियम करावा लागला: निरोगी असताना ज्यानं स्वतःला खच्ची करून घेतलं, त्याला पाळकवर्गात जागा नाही. पहिलाच! यावरून तेव्हाचा उत्साह समजावा.

भाराची गोष्ट सांगायची तर नाशिककरांना लांब जायला नको. गोदाकाठच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन त्यांनीच लिहून ठेवलंय: बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कडक नेम वडिलांचा, आणि तो निभावताना दमायची आई आणि पोरं. पुढे लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी जात सोडली, मान सोडला, नातीगोती सोडली, आणि ते सोडणं खरंच मोठं होतं, त्यात मला शंका नाही. पण लक्ष्मीबाईंचं सगळं आपोआप सुटलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नवरा हयात असून लहान मुलाला घेऊन नातलगांकडे दिवस काढायचे, येणाऱ्याजाणाऱ्याचे टोमणे ऐकायचे. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या विचारानं. मधली वर्षं नवऱ्याच्या आत्मत्यागाची किंमत बायको भरत होती. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. आमच्या व्यासपीठांवरून त्यांच्या त्यागावर भाषणं होतात. लक्ष्मीबाईंचा उल्लेख येतो तो त्यांच्या विनोदासाठी.

मी अविवाहित आहे. पन्नाशी ओलांडली. व्रत घेतलं नव्हतं, कुणाच्या विरहात नव्हते. बघण्याचे कार्यक्रम झाले, एका ठिकाणी जमता जमता राहिलं, मग बाबांचं आजारपण आलं, मग आईचं, आणि त्यानंतर लोकांनी विचारायचं सोडलं. मंडळीत मात्र माझ्या या राहून जाण्याला बढती मिळाली. "ताईंनी केवढा त्याग केला!" महिला मंडळाच्या वार्षिक सभेत हे वाक्य माझ्या समोर, माईकवरून म्हटलं जातं. जे ताटात आलंच नाही ते सोडल्याचं श्रेय कसं घ्यायचं? आईबाबांचं केलं ते प्रेमानं आणि कधी कधी चिडून केलं, जसं सगळे करतात.

आणखी एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण आमच्या महिला मंडळात ती कधी निघणार नाही. एकटी बाई म्हणजे प्रार्थनेत रमलेली बाई, असं आमच्याकडे धरूनच चालतात. देहाला हे माहीत नसतं. कुणाचा तरी हात पाठीवर यावा, झोपेत कुस बदलताना शेजारी कुणी असावं, असं वाटत राहतं, आणि नुसतं तेवढंच वाटतं असंही नाही. प्रार्थनेनं मला बळ मिळतं. पण प्रार्थना त्या वाटण्याची जागा घेत नाही, आणि ती घेत नाही म्हणून माझा विश्वास कमी पडला असं मी आता मानत नाही. पौलही एकटा होता. माझ्यासारखं सगळ्यांनी असावं असं तो करिंथकरांना लिहितो, पण लगेच पुढे म्हणतो की ज्याला त्याला देवाकडून आपापलं कृपादान आहे, एकाला असं, दुसऱ्याला तसं. कृपादान मिळावं लागतं. ठराव करून ते कुणाच्या नावावर करता येत नाही.

त्याच अध्यायात, तरुणांच्या शिबिरात कधीच वाचल्या न जाणाऱ्या ओळी आहेत. नवऱ्याच्या शरीरावर त्याचा नव्हे, बायकोचा अधिकार आहे, असं पौल लिहितो. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा, हे तेव्हाच्या जगाला नवं नव्हतं. उलटी बाजू नवी होती. आणि दोघांनी दूर राहायचंच असेल तर दोघांच्या संमतीनं, थोडा वेळ, प्रार्थनेसाठी. एकानं परस्पर धार्मिक होऊन दुसऱ्याला उपाशी ठेवायची परवानगी तो देत नाही. लक्ष्मीबाईंना हे वाचून काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

आमच्या शिबिरांत पावित्र्याचं सत्र असतं. मुलींचं आणि मुलांचं वेगळं. मुलींच्या सत्रात ओढणी, बाह्या, फोन, रात्री घरी यायची वेळ. मुलांच्या सत्रात, भाच्याकडून कळलं ते असं, की मुलींपासून सांभाळून राहा. डोंगरावरच्या प्रवचनात वासनेनं बघणाऱ्याला येशू काय सांगतो? तुझा उजवा डोळा तुला पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक. ज्याचा डोळा, त्यानं उपटावा. समोरच्या बाईनं पदर घ्यावा असं त्या प्रवचनात कुठेही नाही. अर्थात ज्या गावात शूर्पणखेचं नाक कापल्याची कथा आपण पर्यटकांना हौसेनं ऐकवतो, तिथे इच्छा बोलून दाखवणाऱ्या बाईचं पुढे काय होतं हे शिबिर घेऊन शिकवायची गरजच नाही.

आता आमच्या मंडळीतल्या एका मुलाविषयी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कॉयरमध्ये गातो, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, संडे स्कूलच्या पोरांचा लाडका. एकदा उपासनेनंतर घरी आला, पोहे अर्धे टाकले आणि म्हणाला, "मावशी, मला मुली आवडत नाहीत. म्हणजे तशा आवडत नाहीत." मला थोडंफार माहीत होतं. बायकांना असतं. त्यानं आधी पाळकसाहेबांना सांगितलं होतं. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, हा तुझा वधस्तंभ आहे, तू एकटा राहा, देव बळ देईल. पुढच्या महिन्यात संडे स्कूलच्या शिक्षकांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. कुणी काही बोललं नाही. एका हितचिंतकानं त्याला 'बरं' करणाऱ्या सभेचा पत्ताही दिला.

पाळकसाहेब वाईट नाहीत. आईच्या शेवटच्या रात्री ते पहाटेपर्यंत दवाखान्यात माझ्याजवळ बसले होते. त्यांच्याजवळ जे होतं ते त्यांनी त्या मुलाला दिलं. त्या 'बरं' करण्याविषयी मात्र माझं मत पक्कं आहे. असे उपचार करणारी परदेशातली सगळ्यात मोठी ख्रिस्ती संस्था, एक्सोडस इंटरनॅशनल, २०१३ मध्ये बंद झाली, आणि तिच्या प्रमुखानंच लोकांची माफी मागितली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या उपचारांना डॉक्टरांच्या बाबतीत गैरवर्तन ठरवलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले, त्यामुळे तो गुन्हेगारही नाही. उरतो तो प्रश्न मंडळीचा.

मंडळ्यांचं यावर एकमत नाही. कॅथलिक चर्चची १९९२ ची धर्मशिक्षा अशा माणसांना ब्रह्मचर्याचं आवाहन करते, आणि त्यांना आदरानं, करुणेनं वागवावं, अन्याय्य भेदभाव करू नये, हेही तिथेच लिहिलंय. पहिलं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, दुसरं फार थोड्यांना. स्कॉटलंडच्या चर्चनं २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना आपल्या पाळकांमार्फत वाट मोकळी केली. ज्यांना वचनं वाचून, स्वतः झगडून, एकटं राहणंच देवाची इच्छा वाटते आणि जे तसं राहतात, त्यांच्यापुढे मी नम्र आहे. ते काय उचलतात हे मला थोडं कळतं. पण त्या मुलाला ते वाटलं नव्हतं, त्याला ते सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांच्या घरी बायको आहे, पोरं आहेत, रविवारी दुपारी झोपायला पलंगाची आपली बाजू आहे. शास्त्री-परूश्यांविषयी, म्हणजे तेव्हाच्या धर्मपंडितांविषयी, येशूची तक्रार हीच होती: जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर ठेवतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. आणि वधस्तंभाचंच म्हणाल, तर येशूचासुद्धा त्याला एकट्याला नेववला नाही. शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला धरून आणावं लागलं.

सिंहस्थ येतोय, २०२७ चा. शहरात आत्तापासून खोदाई सुरू आहे. मागच्या सिंहस्थात, २०१५ ला, तपोवनातल्या साधुग्रामात मी मैत्रिणीबरोबर नुसतं बघायला गेले होते. दीक्षा घेताना ही माणसं मागचं आयुष्य मागेच टाकतात. घर, नाव, गोत्र, सगळ्याला पाणी सोडतात. पण ती रस्त्यावर पडत नाहीत. आखाडा असतो, गुरू असतो, गुरुबंधू असतात, अन्नक्षेत्र असतं, शिधा पोचवणारे लोक असतात. आजारी पडला तर कुणी बघायचं हे ठरलेलं असतं. त्या व्यवस्थेतले मानपान, भांडणं, पैसा हे सगळं मला दिसतं, मी भाबडी नाही. तरी एक गोष्ट तिथे धडधडीत दिसते: ज्याला घर सोडायला लावायचं, त्याला राहायला जागा द्यावी लागते.

आम्ही प्रोटेस्टंटांनी ती जागाच काढून टाकली. १५२५ मध्ये लूथरनं कॅथरीना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या संन्यासिनीशी लग्न केलं. लग्न हे काही कमी पवित्र नव्हे, हे त्याचं म्हणणं मला पटतं. मठांमध्ये सक्तीनं टाकलेल्या मुलींचे हाल काय होते हेही खरं. पण मठ गेले आणि कुटुंब एवढा एकच नमुना उरला. आपल्याकडे काही काळ मिशनच्या बंगल्यांनी ती उणीव भरून काढली होती. आमच्या आज्या ज्यांना मिससाहेब म्हणायच्या, त्या बिनलग्नाच्या बायका बंगल्यात दोघी-तिघी मिळून राहायच्या, शाळा आणि दवाखाने चालवायच्या, एकमेकींच्या म्हातारपणी उशाशी बसायच्या. मिससाहेब गेल्या, बंगल्यांचे खटले कोर्टात गेले. आता आमच्याकडे कुटुंब रविवार असतो, जोडप्यांचं शिबिर असतं, लग्नाच्या वाढदिवसाला पुढे बोलावून प्रार्थना असते. एकट्या माणसाला मंडळी दोन गोष्टी देते: स्थळं, आणि खुर्च्या लावायचं काम.

मार्कच्या दहाव्या अध्यायात पुन्हा पेत्र बोलतो. आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, म्हणतो. येशू या वेळी त्याला दटावत नाही. तो म्हणतो, माझ्यासाठी ज्यानं घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडली, त्याला आत्ता, या काळातच शंभरपट मिळेल: घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, छळासह. सार्वकालिक जीवन त्यानंतर, येणाऱ्या युगात. आमचे उपदेशक हे शंभरपट सगळं स्वर्गात नेऊन ठेवतात, आणि विश्वास ठेवला की पैसा येतो असं सांगणारे समृद्धीवाले ते बँकेत टाकतात. मला दोन्ही वाचनं पळवाटा वाटतात. घरं आणि आया आकाशातून पडणार नाहीत. त्या वचनाचा एकच सरळ अर्थ होतो: ते देणारी माणसं शेजारच्या बाकावर बसलेली आहेत. येशूनं स्वतः तसंच केलं. बेथानीत तो जिथे उतरायचा त्या घरात दोन बहिणी आणि एक भाऊ होते, कुणाच्या नवऱ्या-बायकोचा उल्लेखच नाही. आणि योहान लिहितो की वधस्तंभावर असताना त्यानं आईला एका शिष्याच्या हवाली केलं, आणि त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं.

नाशिकच्या ख्रिस्ती लोकांना तर हे वाचून दाखवायलाही नको. शरणपूर याच कामासाठी वसलं. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीनं ही वस्ती उभी केली ती बाप्तिस्म्यामुळे घर तुटलेल्यांना आणि पोरक्यांना जागा हवी म्हणून. तिथे अनाथ मुलं होती, सुतारकी-लोहारकीची शाळा होती, आणि गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही होती. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या ताफ्यात गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही हजर होता. मिशनच्या मायेत हुकूमशाही बरीच होती, मुलांची नावंसुद्धा त्यांची राहिली नाहीत. पण देवासाठी घर सोड म्हणणाऱ्यानं पर्यायी घर बांधून दिलं पाहिजे, एवढं त्या लोकांना कळत होतं. आज शरणपूर रोडवर कपड्यांची आणि मोबाइलची दुकानं आहेत. तिथून रोज जाणाऱ्या आम्हा ख्रिस्त्यांना त्या नावामागे आपलं काही कर्तव्य आहे असं वाटत नाही.

गेल्या वर्षी माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात पहिला प्रश्न होता: सोबत नातेवाईक कोण? संमतीच्या कागदावर सही कुणाची? भाऊ पुण्याहून येईपर्यंत मला थांबवून ठेवलं. मंडळीतून फुलं आली, बायबलची वचनं आली, सूप आलं, आणि सूप खरंच चांगलं होतं. त्या सहीच्या रकान्याजवळ मात्र मी एकटी होते. हा रकाना त्या मुलाच्या आयुष्यात वारंवार येणार आहे, आणि त्याला त्याच्या भावानं घरी यायला बंदी केली आहे.

म्हणून मी मंडळीच्या कमिटीला अर्ज दिलाय. जी मंडळी कुणाला एकटं राहायला सांगते, तिनं त्याच्या घरच्या माणसांची जागा कोण घेणार हे नावानिशी सांगावं. आठवड्यातून एक दिवस कुणाकडे जेवायचं, नाताळला कुठे जायचं, दवाखान्यात रात्री कोण थांबणार, कागदावर सही कोण करणार, म्हातारपणी कुणाच्या ओसरीवर बसायचं. नावं मिळाली नाहीत तर त्याला एकटं राहायला सांगणं बंद करावं. आणि संडे स्कूलच्या यादीत त्याचं नाव परत घालावं, हे त्याच्याही आधी.

पाळकसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "ताई, हे लेखी कशाला? आपण सगळे एकच कुटुंब आहोत."

"मग सही करायला काय हरकत आहे?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. विषय पुढच्या मीटिंगला ठेवलाय, हॉलच्या पत्र्यांनंतर. मुलगा हल्ली बुधवारी माझ्याकडे जेवायला असतो. त्याला अर्जाचा मसुदा आधीच वाचून दाखवला होता. त्यानं 'अशा व्यक्तींसाठी' हे शब्द खोडायला लावले आणि विचारलं, "मावशी, सही कोण करणार हा प्रश्न तुमचा पण आहे ना? मग तुमचं नाव घाला ना वरती."

घातलं.